कोळशाचें ऋण

घरांतला कोळसा संपला म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकभगिनींना सांगावयास नको. परंतु सुमारें २० लाख वस्तीच्या शहराचा कोळसा, पीठ व दूध एकाच वेळीं अडलें तर? जून १९४८ मध्यें रशियानें पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग व कालवे बंद केले, तेव्हां तेथें हाच प्रसंग ओढवला. सप्टेंबर १९४९ पर्यंत अमेरिकन व ब्रिटिश विमानांनीं सुमारें २३ लाख टन माल तेथें पोंचविला; त्यांत निम्म्याहून अधिक कोळसाच होता! १९४५ पर्यंत ज्या शहरावर बाँब टाकले, त्याचीच चूल त्यांनीं पेटती ठेविली. या कामीं ३९ ब्रिटिश व ३१ अमेरिकन प्राणांस मुकले. कांहीं जर्मनही गेले. शत्रूच्या गोळीनें नव्हे, अपघातांनीं.

टेंपलहॉफ विमानतळापुढें त्यांचें स्मारक १९५१ सालींच उभें राहिलें. पण काँक्रीटच्या कमानीनें विधवेचा संसार चालत नाहीं, हें बर्लिनकरांनीं ओळखलें याचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें. १९५९ सालीं महापौर विली ब्रांट यांनीं आवाहन केलें, आणि लोकांनीं १६ लाखांहून अधिक मार्क जमवून मृतांच्या कुटुंबीयांकरितां एक विश्वस्त संस्था स्थापिली. या वाहतुकीस जर्मन लोक ‘हवेंतील पूल’ म्हणत; त्या पुलाबद्दलची कृतज्ञता हेंच संस्थेचें नांव. पुढें त्या घरांतील मुलें मोठीं झालीं. निधि मात्र मिटला नाहीं. तो तरुणांच्या कार्यास साह्य करूं लागला.