आपला हिशेबनीस आपणच बांधावा



शिक्षकाच्या आयुष्यात खाली मान घालण्याचे प्रसंग येतात. त्यातला एक आज सांगणार आहे, कारण आजच्या विषयाची वाट त्यातूनच निघते.

आमच्या शाळेत नववीच्या वर्गाची गुणवत्ता-यादी मी संगणकावर तयार केली होती. एकूण गुण सातशे. यादीत मी फक्त शेकडेवारी छापली. दोन मुलींच्या नावांपुढे ८७.०० असा एकच आकडा आला. दोघींना मिळून पहिला क्रमांक दिला आणि सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी तो जाहीरही केला. मधल्या सुट्टीत त्यांतली एक मुलगी हातात कागद घेऊन आली. म्हणाली, "सर, माझी बेरीज सहाशे चौदा येते, तिची सहाशे नऊ. मग आम्ही दोघी सारख्या कशा? माझे पाच गुण कुठे गेले?"

प्रश्न सरळ होता आणि मला त्याचे उत्तर येत नव्हते. संगणक चुकला असे म्हणून मोकळे होता आले असते. पण ज्या हिशेबनिसावर मी विसंबलो तो आत काय करतो, हे मी कधी पाहिलेच नव्हते. ते पाहण्याची सोय मात्र होती. तो हिशेबनीस म्हणजे 'बीसी' नावाची आज्ञावली. तिचा मूळ मजकूर कोणालाही मोफत वाचता येतो, बदलता येतो आणि स्वतःच्या यंत्रावर स्वतः बांधून बसवता येतो. अशा आज्ञावलीला मुक्तस्रोत म्हणतात.

बीसीला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, एंटर दाबावे आणि खालच्या ओळीत उत्तर वाचावे, एवढाच तिचा व्यवहार. तिचे कूळ जुने आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणकप्रणाली जन्मास येत असताना रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांनी 'डीसी' नावाचा गणक लिहिला. डीसीला आधी दोन्ही संख्या सांगाव्या लागत आणि मग बेरजेचे चिन्ह. माणसाला हे उलटे वाटते. म्हणून आपण वहीत लिहितो तशीच मांडणी स्वीकारणारा बीसी पुढे आला. १९७५ च्या सहाव्या युनिक्स आवृत्तीत तो होता. प्रारंभीचा बीसी स्वतः हिशेब करीत नसे. आपले म्हणणे डीसीच्या भाषेत उलथून तो ते डीसीकडे सोपवी.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, पण सर्वांना मोकळी अशी प्रणाली उभारणे हा त्याचा हेतू होता. त्या प्रकल्पासाठी फिलिप नेल्सन यांनी बीसी नव्याने लिहिला. आज लिनक्सच्या यंत्रांवर बहुधा तोच आढळतो. खुद्द लिनक्सचा गाभा मूळ मजकुरापासून बांधायचा झाला, तर ३.१० आणि त्यापुढील आवृत्त्यांना बीसी लागतो. एवढ्या मोठ्या इमारतीच्या पायाभरणीला हा लहानसा हिशेबनीस हजर असावा लागतो, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता बांधणीकडे वळू. लिनक्सवर बीसी तयार स्वरूपात एका आज्ञेने मिळतो, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला नुसता वापर करायचा त्याने तोच मार्ग धरावा. पण ज्याला आतले पाहायचे आहे, जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती हवी आहे, किंवा सामाईक यंत्रावर केवळ आपल्या कप्प्यात ती बसवायची आहे, त्याने पुढची वाट चालून पाहावी.

पहिले काम, मूळ मजकुराचे पुडके आणणे. १.०७.१ या आवृत्तीचे पुडके अर्ध्या मेगाबाइटच्या आतले आहे. ते ग्नू प्रकल्पाच्या भांडारातूनच घ्यावे. त्याच्यासोबत सहीची एक लहान फाइल असते. तिच्या आधारे पुडके वाटेत कोणी फोडून बदललेले नाही याची खातरजमा करता येते. कपड्याचे ठाण घेताना आपण गिरणीचा शिक्का पाहतो, तसेच हे. मग 'टार' या आज्ञेने पुडके सोडवावे. आत 'रीडमी' आणि 'इन्स्टॉल' या नावांच्या दोन फाइली दिसतील. त्या आधी वाचाव्यात. औषधाच्या बाटलीवरची सूचना बाटली संपल्यावर वाचण्यात अर्थ नसतो.

दुसरे काम 'कॉन्फिगर'. पुडक्याच्या कप्प्यात जाऊन बिंदू, तिरपी रेघ आणि त्याला जोडूनच कॉन्फिगर हा शब्द लिहावा. बिंदूचा अर्थ 'याच कप्प्यातला' असा आहे. तो विसरला तर संगणक भलतीकडे शोधतो आणि सापडत नाही म्हणतो. कॉन्फिगर हा पाहणीला आलेला गवंडी समजावा. घर बांधण्यापूर्वी तो जमीन ठोकून पाहतो, विहीर कुठे आहे ते विचारतो. येथेही तो एकेक प्रश्न विचारतो: यंत्रावर सी भाषेचा कम्पायलर आहे काय? अमुक ग्रंथालय आहे काय? पडद्यावर भराभरा ओळी सरकतात त्या याच प्रश्नोत्तरांच्या. शेवटी तो 'मेकफाइल' नावाचा आराखडा लिहून ठेवतो.

आज्ञावली कोठे बसवायची हेही याच वेळी सांगायचे. काही न सांगितल्यास ती सर्वांच्या सामाईक कप्प्यात बसते आणि त्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. 'प्रीफिक्स' या पर्यायापुढे आपल्या घरच्या कप्प्याचे नाव दिले, तर कोणाच्या परवानगीची गरज राहत नाही.

तिसरे काम 'मेक'. एवढा एकच शब्द लिहायचा. हे साधन बेल प्रयोगशाळेतच स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केले. त्यामागची हकीकत बोधप्रद आहे. त्यांच्या एका सहकाऱ्याने मजकुरातली चूक दुरुस्त केली होती, परंतु तो भाग पुन्हा कम्पाइल करायचे राहून गेले. त्यामुळे बरोबर असलेल्या मजकुरात चूक शोधण्यात त्याचा वेळ फुकट गेला. मेक ही विस्मृती टाळतो. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे ते आराखड्यात पाहून, ज्या भागाचा मूळ मजकूर अलीकडे बदलला असेल तेवढाच तो पुन्हा घडवतो.

बीसीच्या बांधणीत एक गोष्ट मला फार आवडली. त्याच्या गणिती ग्रंथालयात ज्या, कोज्या, लॉगॅरिथम यांची रीत दिलेली आहे, आणि ती लिहिली आहे बीसीच्याच भाषेत. ती समजायला बीसी हवा, आणि बीसी तर अजून बांधून झालेला नाही. ही कोंडी फोडण्यासाठी मेक आधी 'एफबीसी' नावाचा कच्चा बीसी बांधतो. त्याच्याकडून ते ग्रंथालय वाचून घेतो आणि यंत्राला पचेल अशा रूपात आणतो. मग ते पोटात घेऊन खरा बीसी बांधतो आणि कच्चा काढून टाकतो. कमान बांधताना गवंडी आधी लाकडी साचा उभारतात, कमान पक्की झाली की साचा उतरवतात. अगदी तेच येथे घडते.

माझी बांधणी नेमकी या टप्प्यावर अडली. 'ईडी' ही आज्ञा सापडत नाही, असे पडद्यावर आले. ईडी हा युनिक्सच्या आरंभकाळातला, एकेक ओळ दुरुस्त करणारा संपादक. ग्रंथालयाच्या त्या रूपावर शेवटचा हात फिरवण्याचे काम १.०७.१ या आवृत्तीत त्याच्याकडे आहे, आणि नव्या यंत्रांवर पुष्कळदा तो नसतो. ईडी बसवला, मेक पुन्हा चालवला, आणि काम जेथे थांबले होते तेथून पुढे सरकले. नवशिक्यांना येथे एकच सांगणे आहे. चूक आली की शेवटची ओळ पाहून घाबरू नये. वर सरकत जाऊन पहिली तक्रार वाचावी. बहुतेक वेळा रोग तेथे असतो आणि खालच्या ओळी ही त्याची लक्षणे असतात.

चौथे काम परीक्षा. शिक्षकाने तरी ती टाळू नये. पुडक्यात 'टेस्ट' नावाच्या कप्प्यात तयार चाचण्या आहेत. त्यांखेरीज आपणही दोन प्रश्न घालावेत. पहिला, बुद्धिबळाच्या पटाचा. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, तर चौसष्ट घरांत मिळून दाणे किती? दोनाचा चौसष्टावा घात करून एक वजा करावा. बीसीने १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असे वीस अंकी उत्तर पूर्ण दिले पाहिजे. दुसरा, एक दशांश आणि दोन दशांश यांची बेरीज. अनेक संगणकी भाषांत हिचे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते, कारण तेथे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवला जातो. आपल्याला एकतृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा एकदशांश द्विमानात पुरता लिहिता येत नाही. बीसी अंक दशमान पद्धतीतच ठेवतो, म्हणून तो सरळ .३ म्हणतो. रुपये-पैशांच्या हिशेबाला तो भरवशाचा वाटतो तो यामुळे.

सारे जमले की पाचवे काम 'मेक इन्स्टॉल'. बांधलेली आज्ञावली आणि तिची माहितीपुस्तिका यांना त्यांच्या जागी नेऊन ठेवणे एवढेच ते करते. पुडक्याचा कप्पा मात्र जपून ठेवावा. पुढे काढून टाकायची वेळ आली, तर तेथूनच 'मेक अनइन्स्टॉल' म्हणता येते.

आता त्या पाच गुणांकडे येऊ. बीसीत 'स्केल' नावाचा एक शब्द आहे. भागाकाराच्या उत्तरात किती दशांशस्थळे ठेवायची ते तो ठरवतो. काही सांगितले नाही तर स्केल शून्य असते आणि दहा भागिले तीन याचे उत्तर नुसते ३ येते. मी स्केल दोन ठेवले होते. माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की पुढचे अंक बीसी छाटून टाकतो, जवळच्या अंकाशी मिळवून घेत नाही. माझी आज्ञा अशी होती: गुणांना सातशेने भागा, मग शंभराने गुणा. सहाशे चौदा भागिले सातशे म्हणजे .८७७१ आणि पुढे बरेच काही. बीसीने .८७ ठेवले, बाकीचे छाटले. सहाशे नऊ भागिले सातशे म्हणजे नेमके .८७. दोन्हींना शंभराने गुणले, दोन्ही ८७.००. ते पाच गुण भागाकाराच्या क्षणीच गळून पडले होते. नंतरचा गुणाकार ते कोठून आणणार?

तोच हिशेब आधी शंभराने गुणून मग सातशेने भागला, तर एकीचे ८७.७१ आणि दुसरीचे ८७.०० येतात. आणि हे तर आपले जुने त्रैराशिक! भास्कराचार्यांच्या ११५० च्या सुमाराच्या 'लीलावती'त हीच रीत आहे. फळाला इच्छेने आधी गुणावे आणि मग प्रमाणाने भागावे. हा क्रम मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवला होता आणि यंत्रासमोर बसल्यावर विसरलो होतो.

ही छाटणी ओळखायची असेल तर एक प्रयोग करा. बीसी 'उणे एल' हा पर्याय देऊन उघडला की गणिती ग्रंथालय हजर होते आणि स्केल वीस होते. एकाच्या व्यस्त स्पर्शज्येला चाराने गुणले की पाय मिळतो. बीसी उत्तर देतो ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४४. खऱ्या किमतीत शेवटचे दोन अंक ४६ आहेत. विसाव्या स्थळानंतरचा छाटलेला तुकडा चाराने गुणला जायला हवा होता, तो गेला नाही, म्हणून दोनाचा फरक पडला. उपाय सोपा आहे. हवी त्यापेक्षा पाच-दहा दशांशस्थळे अधिक मागावीत आणि शेवटची सोडून द्यावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर मी चूक सर्वांसमोर सांगितली, दोन्ही भागाकार फळ्यावर करून दाखवले आणि पहिला क्रमांक जिचा होता तिला दिला. दुसऱ्या मुलीला त्याआधी एकटीला बोलावून समजावले होते. ती गप्प राहिली. मग तिनेच विचारले, "सर, ते आतले पाहता येते म्हणालात, मलाही दाखवाल?" आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या दोघी आणि आणखी चार मुले बीसी बांधायला बसतात. ईडीच्या ठिकाणी अजूनही कोणी ना कोणी अडते.

बाजारात वजनमापे तपासायला अधिकारी येतो, कारण तराजूवर गिऱ्हाइकाचा विश्वास टिकावा लागतो. आज आपले गुण, व्याज, बिले आणि मजुरी यांचे तराजू संगणकात आहेत. प्रत्येकाला ते उघडता येणार नाहीत हे खरे. पण निदान काही तराजू असे असावेत की ज्यांचे झाकण कोणालाही काढता येईल, आणि निदान काही मुले अशी असावीत की ज्यांना ते काढून पाहावेसे वाटेल. बाकी, आकडा यंत्राने दिला तरी बेरीज एकदा कागदावर करावी. त्या मुलीने तेवढेच केले होते.