‘ठीक आहे’ या उत्तरापलीकडे

सोलापूर जिल्ह्यातील कितीतरी घरांत सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा आहेत. प्रकृतीची चौकशी केली, की त्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘ठीक आहे.’ रात्रीची झोप उडालेली असली, फटाक्याच्या आवाजाने छाती धडधडत असली, तरी ते बदलत नाही. तक्रार न करणे ही त्यांची आयुष्यभराची शिस्त असते. अशा वेळी डॉक्टर एखादी प्रश्नावली हाती देतात. तिचे मोल आणि तिची मर्यादा, दोन्ही आपण जाणून घ्यावीत.

या पद्धतीचा उगम सैन्यातच आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने असंख्य सैनिकांची मने खचली. असा धोका असलेले जवान आधीच ओळखता यावेत, म्हणून अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘होय–नाही’ उत्तरांचे ११६ प्रश्न तयार केले. त्यांचा फारसा वापर होण्यापूर्वीच १९१८ मध्ये युद्ध संपले. पद्धत मात्र रुजली.

आज ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा वा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी हवी. वृद्धांसाठीच्या ‘जीडीएस’मध्ये १५ ‘होय–नाही’ प्रश्न असतात. गुण म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टरच करतात. युद्धाच्या आठवणी, दचकून जागे होणे यांविषयी या दोन्ही प्रश्नावल्या विचारत नाहीत. ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कागद खरा ठरतो तो उत्तर देणाऱ्याला निर्धास्त वाटले तरच. म्हणून आजोबांना एकांत द्या. दृष्टी अधू असेल तर प्रश्न जसाच्या तसा, सावकाश वाचून दाखवा. ‘तुम्हाला कुठे काय होतंय!’ असे म्हणू नका आणि त्यांच्या वतीने उत्तरही देऊ नका. तुम्ही पाहिलेले बदल डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगा.

जगणे नकोसे झाल्याचे उत्तर आले, तर गुणांची बेरीज करत बसू नका. त्यांना एकटे सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. सशस्त्र दलांतील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ पासून या सेवेचा स्वतंत्र कक्ष आहे.

मन मोकळे करणे हा भेकडपणा नव्हे, एवढा विश्वास आजोबांना प्रथम घरातूनच मिळायला हवा.