परक्या खुंटावरची भाषा

निफाड तालुक्यांतील द्राक्षबागाईतदार आज बहुधा थॉमसन जातीची काडी सरळ जमिनींत लावीत नाहीं. आधीं तो डॉगरिज जातीचा रानवट खुंट लावतो आणि तो जोमदार झाला म्हणजे त्यावर कलम बांधतो. खारवट माती असो कीं पाण्याची ओढ असो, तिच्याशीं झगडण्याचें काम खुंटाच्या मुळांचें. द्राक्ष मात्र थॉमसनचेंच. नवी संगणकभाषा रचणारे लोकही पुष्कळदां हीच युक्ति योजितात.

प्रत्येक जातीच्या संगणकाची आज्ञांची भाषा निराळी असते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला संगणक, ज्यास पुढें टिफ्रॅक हें नांव मिळालें, १९६० सालीं कार्यास लागला. त्याच संस्थेंत १९६४ मध्यें अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० आला. टिफ्रॅकच्या भाषेंतील आज्ञा या पाहुण्यास अर्थशून्य! मनुष्यास सुलभ अशा भाषेंतून यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. परंतु दहा जातींच्या यंत्रांसाठीं तो दहा वेळां रचणें एकट्यादुकट्याच्या आवांक्याबाहेरचें आहे.

न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास ‘सी’ भाषा सिद्ध केली आणि कालांतरानें तिचे कंपायलर बहुतेक यंत्रांवर झाले. तेथेंच बियार्ने स्ट्राउस्ट्रप यांनीं ‘सी प्लस प्लस’साठीं रचलेला ‘सीफ्रंट’ यंत्रभाषेच्या वाटेस गेलाच नाहीं. तो केवळ ‘सी’ लिहून देई. पुढचें काम त्या त्या यंत्रावरील ‘सी’चा कंपायलर करी. १९८५ मध्यें तो बाजारांत आला आणि जेथें ‘सी’ होती तेथें नवी भाषा अल्प श्रमांत पोंचली. जुन्या कंपायलरांत मुरलेलें वेग वाढविण्याचें कसबही फुकट पदरांत पडलें. ही काटकसर होय, आळस नव्हे.

परंतु खुंटाबरोबर त्याच्या खोडीही येतात. चिन्हयुक्त पूर्णांकांची बेरीज मर्यादेबाहेर गेल्यास काय व्हावें, हें ‘सी’ सांगतच नाहीं. ज्या भाषेनें अशा वेळीं निश्चित उत्तराचें वचन दिलें असेल, तिच्या कर्त्यानें प्रत्येक बेरजेवर पहारा ठेवावा किंवा वळसा घ्यावा. चूक शोधतांनाही लेखकास कित्येकदां त्यानें कधीं न लिहिलेल्या ‘सी’च्या ओळी चाळाव्या लागतात. खुद्द सीफ्रंटमध्यें अकस्मात् उद्भवणाऱ्या अडचणी हाताळण्याची नवी सोय बसविण्याचा प्रयत्न १९९३ मध्यें सोडून द्यावा लागला.

हास्केल भाषेच्या, ग्लासगो येथें जन्मलेल्या कंपायलरानेंही प्रथम ‘सी’चाच आश्रय केला होता. पुढें त्यास स्वतःचीं मुळें फुटलीं आणि नित्याच्या यंत्रांवर तो मार्ग मागें पडला. मात्र एखाद्या अनोळखी यंत्रावर त्यास प्रथमच न्यावयाचें झालें, म्हणजे जाणते लोक अजूनही ‘सी’चीच वाट धरतात.