हेडफोन चांगला, पण वायर तुटकी!

एका वायरपायी अख्खा हेडफोन टाकून देण्याची वेळ अनेकांवर येते. कपात एक छोटे सॉकेट बसवले, तर वायर हवी तेव्हा काढता आणि बदलता येते. हे काम घरच्या घरी कसे होते आणि कोणत्या हेडफोनवर ते करू नये, याची ही माहिती.

डाव्या कानात गाणे सुरू असते आणि उजवा कान अचानक मुका होतो. पिनेजवळची वायर जरा वाकवून धरली की आवाज परत येतो, बोट काढले की पुन्हा नाहीसा होतो. वायरचा हेडफोन वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. चार-आठ दिवस चिकटपट्टी लावून काम भागते आणि मग हेडफोनची रवानगी माळ्यावर किंवा कचऱ्यात होते. वास्तविक, आवाज निर्माण करणारा भाग अशा वेळी बहुधा ठणठणीत असतो. मोडलेली असते ती केवळ वायर.

वायरच आधी का जाते?

हेडफोनच्या कपात ड्रायव्हर असतो. चुंबक, तारेचे हलके वेटोळे आणि त्याला जोडलेला पातळ पडदा एवढाच त्याचा संसार. कपाच्या आत तो सुरक्षित असल्याने वर्षानुवर्षे टिकतो. वायरचे तसे नसते. तिच्यातील केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा रोज वाकतात, पिळल्या जातात, खिशात दुमडल्या जातात. वारंवार वाकवलेले तांबे थकते आणि तुटते. हा ताण प्रामुख्याने दोन ठिकाणी एकवटतो : पिनेच्या मानेशी आणि वायर कपात शिरते तिथे. पिनेजवळ तुटली, तर नवी पिन लावून भागते. कपाच्या तोंडाशी तुटली, तर हेडफोन उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

काही कंपन्यांनी याचा विचार फार पूर्वीच केला. सेनहायझरचा 'एचडी २५' १९८८ मध्ये आला, तोच वायर सुटी करता येईल अशा रचनेसह. ऑडिओ-टेक्निकाच्या २००७ मधील 'एम ५०'ची वायर कायमची जोडलेली होती. २०१४ मध्ये त्याची 'एम ५० एक्स' ही सुधारित आवृत्ती आली, तेव्हा वायर सुटी झाली आणि सोबत तीन वेगवेगळ्या वायरी मिळू लागल्या. दुसरीकडे, १९९१ पासून जगभरातील स्टुडिओंत वापरला जाणारा सोनीचा 'एमडीआर ७५०६' मात्र पक्क्या वायरीचाच राहिला. अशा हेडफोनच्या मालकाला ही सोय स्वतःच करून घ्यावी लागते.

आधी हेडफोन पारखा

वायर केवळ डाव्या कपात शिरते आणि उजव्या कानाची तार डोक्यावरच्या पट्टीतून जाते, असा हेडफोन या कामाला सर्वांत सोयीचा. त्याला एकच सॉकेट पुरते. दोन्ही कपांत वायर शिरत असेल, तर दोन सॉकेट लागतात. कानात खुपसायच्या इअरफोनमध्ये जागाच नसते. बॅटरीवर चालणारे, बाहेरचा गोंगाट दाबणारे हेडफोन उघडू नयेत. लिथियम बॅटरीजवळ तापलेले हत्यार नेणे धोक्याचे आहे. वॉरंटी शिल्लक असेल, तर ती या कामाने संपते, हेही ध्यानात ठेवावे.

कानाची गादी काढून, स्क्रू सोडवून कप उघडला की आत किती जागा आहे ते कळते. मुलांच्या खेळण्यातील क्लेची गोळी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून सॉकेटच्या नियोजित जागी ठेवावी आणि कप हलकेच बंद करून पाहावा. गोळी जितकी दबली नाही, तितकी जागा सॉकेटला मिळेल. जागा अपुरी असल्यास दुसरा मार्ग आहे. जुन्या वायरचे दहा-बारा सेंटिमीटरचे शेपूट बाहेर ठेवून त्याच्या टोकाला सुटे सॉकेट लावावे. दिसायला जरा ओबडधोबड, पण छिद्र पाडण्याची जोखीम त्यात नाही.

तीन तारांचे गणित

साडेतीन मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनेवर दोन काळ्या रिंगा असतात आणि त्यामुळे तिचे तीन भाग पडतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा आणि बुडाचा दोघांचा सामाईक. सॉकेटलाही याच तीन जोडण्या असतात. टोकाची जोडणी डाव्या ड्रायव्हरला, मधली उजव्या कानाकडे जाणाऱ्या तारेला आणि बुडाची दोन्हींच्या सामाईक तारेला, एवढाच सारा हिशेब आहे.

वायरमध्ये साधारणतः लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी आणि तांबूस तार सामाईक असते. मात्र केवळ रंगावर विसंबू नये. जुनी वायर कापण्यापूर्वी कोणती तार कुठे जाते, याचे छायाचित्र काढून ठेवावे.

प्रत्यक्ष काम

साहित्य फारसे लागत नाही : पॅनेलवर बसणारे स्टिरिओ सॉकेट, पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न, राळयुक्त सोल्डर वायर, साधा मल्टिमीटर आणि ड्रिल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत हे सारे मिळते.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : ड्रायव्हरच्या टोकांना शक्यतो हात लावू नये. तेथील तारा अतिशय नाजूक असतात आणि उष्णतेने पडदा वाकडा होऊ शकतो. त्याऐवजी कपाच्या आत जुन्या वायरचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा शिल्लक ठेवून ती कापावी आणि सॉकेट त्या तुकड्याला जोडावे.

वायर शिरत होती ते भोक आयतेच असते. तेच रुंद करावे. साडेतीन मिलिमीटरच्या सॉकेटच्या आट्यांना साधारण सहा मिलिमीटरचे भोक लागते. थेट मोठे पाते न लावता टप्प्याटप्प्याने वाढवत जावे, अन्यथा प्लास्टिक तडकते. त्यापूर्वी ड्रायव्हर बाजूला काढावा किंवा चिकटपट्टीने झाकावा. लोखंडाचा कीस चुंबकाकडे धावतो आणि एकदा आत शिरला की निघत नाही.

यानंतर नवख्यांची फसगत होते ती तारांवरील रंगामुळे. हा रंग म्हणजे विजेला अडवणारा थर असतो. तो न काढता सोल्डर केले, तर जोड पक्का दिसतो, पण आवाज येत नाही. आयर्नच्या टोकावर वितळलेल्या सोल्डरचा थेंब घेऊन तारेचे टोक त्यात काही क्षण बुडवावे. रंग जळून तार चंदेरी दिसू लागते. मग सॉकेटशी जोड द्यावा. शेवटी भोकाभोवतीची फट ग्लू गनने बुजवावी, कारण हवा निसटली की खर्जाचा आवाज पातळ होतो. कंपनीने मुद्दाम ठेवलेली छिद्रे मात्र बुजवू नयेत.

बंद करण्यापूर्वी तपासणी

मल्टिमीटरने टोक आणि बूड, तसेच मधला भाग आणि बूड यांच्यातील रोध मोजावा. तो हेडफोनवर नोंदवलेल्या ओहमच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखा हवा. शून्य आला, तर तारा एकमेकींना टेकल्या आहेत. काहीच आकडा आला नाही, तर जोड कच्चा आहे.

यानंतर ओळखीचे गाणे ऐकावे. गायकाचा आवाज गायब होऊन केवळ पोकळ वाद्यमेळ ऐकू आला, तर सामाईक तार सुटलेली समजावी. खर्ज नाहीसा झाला आणि आवाज डोक्याच्या मध्यभागी न येता विखुरला, तर एका ड्रायव्हरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या आहेत. दोन्ही दोष पाच मिनिटांत दुरुस्त होतात, मात्र कप बंद करण्यापूर्वी.

नवी वायर घेताना हेडफोनकडील पिनेवर दोनच रिंगा आहेत ना, हे पाहावे. तीन रिंगांची पिन माइकसाठी असते आणि साध्या सॉकेटशी तिची सामाईक जोडणी जुळेलच असे नाही. सोल्डरमध्ये शिसे असल्याने काम खिडकीजवळ करावे, मुलांना दूर ठेवावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

लाभ केवळ पैशांचा नाही

केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. धोरणे आपल्या गतीने पुढे जातील. तोवर घरातील एक चांगली वस्तू आणखी काही वर्षे चालवणे ग्राहकाच्या हाती आहे. सॉकेट बसवल्यावरही वायर तुटेलच, कारण तुटणे हा तिचा स्वभाव आहे. फरक इतकाच, की त्यानंतर फेकावी लागेल ती केवळ वायर. पहिला प्रयोग मात्र आवडत्या हेडफोनवर न करता माळ्यावरच्या एखाद्या बंद पडलेल्या जोडीवर करावा, हे उत्तम.