आधी पत्ता वाचा

अंबड तालुक्यात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सौरपंपाचे अर्ज सुरू झाले की मोसंबीवाले, कापूसवाले मोबाइल पुढे करतात, "ताई, ही लिंक आलीय, पैसे भरू का?" मी आधी स्क्रीनच्या वरच्या पट्टीतला पत्ता वाचते. खालचं पान नंतर.

कारण पान हुबेहूब बनवता येतं. राजमुद्रा, पंतप्रधानांचा फोटो, योजनेचं नाव, सगळं उचलता येतं. सौरपंपांची पीएम-कुसुम योजना 2019 साली आली आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला बनावट संकेतस्थळांबद्दल लोकांना पुन्हा पुन्हा सावध करावं लागलं. नोंदणी शुल्काच्या नावाखाली ती पैसे उकळत होती. आपल्याकडे सौरपंपाच्या किमतीतला 10 टक्के वाटा शेतकऱ्याला खरोखरच भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. म्हणून पैसे मागितले तरी कुणाला शंका येत नाही. फसणारा माणूस अडाणी असतो असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तो याच कारणाने.

पत्ता शेवटाकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि त्याचा शेवट बघा. तिथे 'डॉट जीओव्ही डॉट इन' असेल तर ते सरकारी. हे नाव खासगी माणसाला मिळत नाही. पण 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन'च्या पुढे आणखी 'डॉट ऑनलाइन' असं शेपूट असेल, तर मालक भलताच कुणी आहे. मोबाइलवर पट्टी अपुरी पडते; तिच्यावर बोट टेकवलं की पूर्ण पत्ता उघडतो.

एवढ्याने भागत नाही, कारण महावितरणचं खरं संकेतस्थळ 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे आणि महाऊर्जाचं 'महाऊर्जा डॉट कॉम'. दोन्हीत 'जीओव्ही' नाही. असे पत्ते कार्यालयातून किंवा वीजबिलावरून घ्यावेत, एकदा नीट टाइप करून बुकमार्क करावेत आणि पुढे तिथूनच जावं. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर बऱ्याचदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. बँकांचं मात्र सोपं झालंय: रिझर्व्ह बँकेने त्यांना 31 ऑक्टोबर 2025पर्यंत 'बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

पट्टीतल्या कुलपावर बरेच जण भरवसा ठेवतात. तुमची माहिती वाटेत कुणी वाचू शकणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. ती ज्याच्या हाती पडते तो चोर आहे की सरकार, हे त्याला ठाऊक नसतं.

व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावाने एपीके फाइल आली तर उघडूच नका. ती मोबाइलमध्ये बसली आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी थेट चोराकडे जातो.

आणि पैसे गेलेच, तर आधी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवला जातो. तक्रार लवकर गेली तर उरलेली रक्कम गोठवता येते. खाते क्रमांक, व्यवहाराची वेळ आणि यूटीआर नंबर हाताशी ठेवा. मग बँकेत लेखी कळवा. घरच्यांना कळू नये म्हणून चॅट पुसून टाकू नका, दादा. पोलिसांना तीच लागते.