काजव्यांची मापं

२००१ साली रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या एका साइटवर मी ज्युनियर इंजिनिअर म्हणून रुजू झाले. स्टोअरमधून हेल्मेट, गमबूट आणि नारिंगी जाळीचं जॅकेट मिळालं. जॅकेटच्या गळ्याशी शिवलेल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते: फ्री साइज. घातलं तर खांद्याची शिवण दंडावर उतरली आणि खालचा घेर मांडीपर्यंत आला. "मॅडम, एकच माप येतं. सुतळीनं बांधून घ्या," स्टोअरकीपर म्हणाला. मी बांधलं.

दोन महिन्यांनी खडीचा एक डंपर रिकामा झाला आणि मी त्याच्या मागच्या कोपऱ्याशी उभी राहून चलनावर सही करत होते. वाऱ्यानं फुगलेली जॅकेटची कड फाळक्याच्या हुकात अडकली आणि डंपर पुढे निघाला. चार पावलं मी त्याच्यासोबत फरफटत गेले. मग जाळी टर्रकन फाटली. कोपर खरचटण्यावर निभावलं. संध्याकाळी नवं जॅकेट मिळालं, तेही फ्री साइजच.

माणूस दिसावा म्हणून अंगावर घालायचं हे वस्त्र इथवर कसं पोहोचलं, हे मी नंतर शोधत गेले. त्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते एवढंच, की रंग सापडला, चमक सापडली, त्यांचे नियम झाले, आणि अंगाचं माप सगळ्यात शेवटी आलं.

रंगाची सुरुवात एका कामगाराच्या अपघातातून झाली. १९३३ साली कॅलिफोर्नियात बॉब स्वित्झर हा तरुण रेल्वे यार्डात काम करताना पडला. डोक्याला जबर मार लागला, नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. त्या अंधारात तो आणि त्याचा भाऊ जो अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या पदार्थांशी खेळू लागले. वडिलांच्या औषधाच्या दुकानातल्या बाटल्याही त्यांनी त्या दिव्याखाली धरून पाहिल्या. त्यातून पुढे दिवसाउजेडीही पेटल्यासारखे दिसणारे 'डे-ग्लो' रंग तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात विमानांना खुणा करण्यासाठी या रंगांचे कापडी पट्टे वापरले गेले. हे रंग डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपात परत देतात. म्हणून ढगाळ दुपारी किंवा दिवेलागणीच्या आधी, इतर सगळे रंग विझत असताना, हे जास्तच उठून दिसतात.

कामगारांच्या अंगावर हा रंग ठळकपणे आला तो १९६४ साली स्कॉटलंडमध्ये. ग्लासगोच्या पोलॉकशील्ड्स ते एग्लिन्टन स्ट्रीट या विद्युतीकरण झालेल्या टप्प्यावर रुळांवर काम करणाऱ्यांना ब्रिटिश रेल्वेनं नारिंगी जॅकेटं दिली. विजेवरची गाडी वाफेच्या इंजिनासारखी लांबून धडधडत येत नाही, त्यामुळे ड्रायव्हरला माणूस लवकर दिसणं गरजेचं होतं. त्या जॅकेटांना नाव पडलं 'फायरफ्लाय', म्हणजे काजवे. हे नाव मला फार आवडतं. काजवा आपल्या अंगाइतकाच असतो, त्याचा उजेड त्याच्या अंगाबाहेर लोंबत नाही.

रात्री मात्र हा रंग उपयोगाचा नाही. हेडलाइटच्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथे काम करते ती चंदेरी पट्टी. आपल्याकडे साइटवर तिला सरसकट 'रेडियम' म्हणतात. तिच्यात रेडियम नसतं आणि ती स्वतः उजळतही नाही. तिच्यावर काचेचे अतिसूक्ष्म मणी बसवलेले असतात आणि ते आलेला प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. गाडीच्या ड्रायव्हरला ती लख्ख दिसते, बाजूला उभ्या असलेल्या माणसाला ती राखाडी चिंधीच वाटते. म्हणूनच ती अंगाभोवती पूर्ण फिरलेली हवी. गाडी कुठून येईल हे आपल्या हातात नसतं.

१९९४ साली युरोपात अशा कपड्यांचं मानक आलं, १९९९ साली अमेरिकेत, आणि २०१३ साली युरोपातल्या मानकाची जागा आयएसओ २०४७१नं घेतली. त्यात तीन वर्ग आहेत. मधल्या वर्गाला किमान ०.५० चौरस मीटर चमकदार कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. सगळ्यात वरच्या वर्गाला ०.८० आणि ०.२०. नियम चांगलाच आहे, कारण त्यामुळे बोटभर पट्टी लावून जॅकेट खपवणं बंद झालं. पण इथेच मापाची मेख होती. एवढं कापड बसवायचं तर अंगही तेवढं हवं. पाच फुटांच्या बाईनं काय करायचं? तिला मोठ्या माणसाचं जॅकेट घालावं लागे. अमेरिकेच्या २०१५ च्या मानकानं ही अडचण मान्य केली आणि रस्त्यावरच्या कामासाठी, मधल्या वर्गातल्या सगळ्यात लहान मापाला ७७५ ऐवजी ५४० चौरस इंच कापड चालेल असं ठरवलं. २३५ चौरस इंचांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटेल. मी तो फाळक्याच्या हुकात अडकलेला पाहिला आहे.

आपल्याकडे तेव्हा इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा होता तो १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २००७ चे. जॅकेटासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १५८०९ आहे. पण आपल्या साइटवरची बाई साडीत काम करते, आणि तिचा विचार करून कापलेलं जॅकेट मी कित्येक वर्षं पाहिलं नाही. तिनं आपल्यापुरता मार्ग कधीच काढला होता. पदर कमरेला खोचायचा आणि वरून नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालायचा. उन्हापासून, सिमेंटपासून अंग वाचतं आणि पदर कुठे अडकत नाही. आमचं जॅकेट त्या शर्टावर जाऊन बसायचं.

२०१६ साली मी शिलाईची टेप घेऊन लेबर कॅम्पात गेले. आम्ही अकरा जणींची मापं घेतली, ती शर्टावरूनच, कारण जॅकेट शर्टावरूनच घालायचं होतं. तेव्हा कळलं की निऱ्यांचा गठ्ठा पोटाशी येतो, त्यामुळे पुढची बाजू वर चढते आणि खालची पट्टी तिरपी होते. घमेलं डोक्यावर घ्यायला हात वर गेले की अख्खं जॅकेट छातीपर्यंत सरकतं. वाकलं की पुढून उघडून लोंबतं. गावातल्या शिंप्याकडून मग आम्ही बेतून घेतलं: लांबी कमरेच्या जरा खाली, कडेला चीर, बगलेत मोकळीक, आणि खांद्यावर व कडेला वेल्क्रो. ओढ बसली की वेल्क्रो सुटावं आणि जॅकेट यंत्राबरोबर जावं, माणूस जाऊ नये. अशी सुटणारी जॅकेटं जगात मुद्दाम बनवतात. माझी जाळी फाटली ती निव्वळ नशिबानं.

पहिलं जॅकेट घालून एक मावशी दिवसभर खडी वाहत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "बाई, आज सारखा हात लावावा लागला नाही." माप बरोबर असल्याची याहून चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही.

त्याच संध्याकाळी जीप शंभर पावलांवर लावून हेडलाइट टाकला आणि एकेकीला उभं राहायला, बसायला, पाठ फिरवायला सांगितलं. उभ्या बायका लगेच कळल्या. खाली बसलेली मात्र कडेच्या पिंपासारखी दिसली, कारण पट्टी फक्त धडावर होती. मनगटाला आणि घोट्याला पट्टी बांधली तेव्हा हालचाल दिसली आणि तिथे माणूस आहे हे ओळखता आलं. हातापायांच्या हालचालीवरून डोळा माणूस झटकन ओळखतो, हे संशोधनातूनही दिसून आलेलं आहे. पावसाळ्यात आणखी एक चूक हमखास होते: जॅकेटावर काळा रेनकोट. पट्टी रेनकोटावरच हवी, किंवा जॅकेट रेनकोटावर चढेल एवढं ढगळ, वेगळ्या मापाचं हवं. उंचीवर काम करणाऱ्यांचे हार्नेसचे पट्टेही असेच पट्टी झाकून टाकतात. मळलेलं, उन्हानं विटलेलं जॅकेट तर बदलायलाच हवं, मग ते कितीही नेमकं बसत असो.

अमेरिकेत बांधकामावरची सुरक्षेची साधनं अंगाला नीट बसली पाहिजेत, असा स्पष्ट नियम लागू झाला तो १३ जानेवारी २०२५ रोजी. ग्लासगोच्या काजव्यांनंतर तब्बल साठ वर्षांनी. आपल्याकडे व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिच्यानुसार संमती असेल तर बायका रात्रीही काम करू शकतात. म्हणजे हेडलाइटच्या झोतात उभ्या असणाऱ्या बायकांची संख्या वाढेल, आणि त्यांच्या अंगावर कोणाच्या मापाचं जॅकेट असेल याची मला काळजी वाटते.

मागच्या महिन्यात एका ठेकेदाराचं मागणीपत्रक माझ्याकडे तपासायला आलं. त्यात लिहिलं होतं: जॅकेट, नारिंगी, २०० नग. मापाचा रकाना नव्हता. मी पट्टी घेऊन पेनानं चार उभ्या रेघा मारल्या, वर एस, एम, एल, एक्सएल लिहिलं, शेजारी 'साडीवर घालणाऱ्या किती?' असा पाचवा रकाना काढला आणि कागद परत पाठवला. भरून आला की सही करीन.