गावचा रस्ता उसना घेऊन

लाळ्या-खुरकुताचे नाव निघाले की गोठा राखणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. 2001 साली ब्रिटनमध्ये या रोगाने थैमान घातले, तेव्हा इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटाने आपली जगप्रसिद्ध ‘टीटी’ मोटारसायकल शर्यत त्या वर्षी रद्द केली. हजारो पाहुण्यांच्या चाकांबरोबर आणि बुटांबरोबर रोग आपल्या गुरामेंढरांत शिरेल, ही धास्ती. शर्यतीच्या दिवसांत बेटावर चार पैसे खेळतात, तरी त्यांनी आधी गोठा पाहिला.

शर्यतीचा आणि गुरांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध असा, की ही शर्यत बांधीव मैदानात होत नाही. ती होते गावच्या रोजच्या रस्त्यावर, शेतामेंढवाड्यांच्या कडेने.

ब्रिटनमध्ये त्या काळी शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करता येत नसे. पण या बेटाची कायदेसभा स्वतःची. तिने 1904 साली तसा कायदा केला आणि 1907 पासून येथे मोटारसायकली धावू लागल्या. 1923 साली हौशी स्वारांसाठी निराळी शर्यत सुरू झाली. 1930 पासून तिला ‘मँक्स ग्रां प्री’ म्हणतात. तिच्यात उतरणारे बहुतेक जण पोटासाठी दुसराच धंदा करतात. कोणी सुतार, कोणी गॅरेजातला मिस्त्री. वर्षभर पदरचे पैसे साठवायचे आणि गाडी घेऊन बेट गाठायचे.

एक फेरी साठ किलोमीटरांहून थोडी जास्त, वळणे दोनशेच्या वर. डग्लस शहरातून निघालेला रस्ता कर्क मायकेल गावात घरांच्या भिंतींना खेटून जातो. बलॉच्या उंचवट्याच्या पुलावर गाडीची दोन्ही चाके जमीन सोडतात. पुढे रॅम्झी गाव ओलांडले की स्नेफेल डोंगराच्या अंगाने चढण लागते. कडेला दगडी गडगे, झाडे, खांब. चूक झाली तर सरकायला जागा नाही.

म्हणून बंदोबस्त मोठा. रस्ता कधी बंद होणार, हे आधीच जाहीर होते. दूध, औषध, बाजारहाट लोक त्याआधी उरकून घेतात. वळणावळणावर झेंडे घेऊन स्वयंसेवक उभे राहतात. तेही गावचे आणि बाहेरचे हौशी लोक, पगाराचे नव्हेत. ते पुरेसे आले नाहीत तर शर्यत सुरूच होत नाही. स्वार एकदम सुटत नाहीत. काही सेकंदांच्या अंतराने सुटतात आणि घड्याळाशी झुंजतात. नवख्याला पहिली फेरी जाणत्याच्या मागून, आवरत्या वेगाने मारावी लागते. शर्यत संपली की रस्ता पुन्हा गावाचा.

एवढे करूनही 1911 पासून या डोंगरी रस्त्याने अडीचशेहून अधिक स्वारांचे प्राण घेतले आहेत. त्यांत पट्टीचे स्वारही आहेत. ज्या घरचा माणूस गेला, त्या घराला चषकाचे काय कौतुक? असल्या शर्यती असाव्यात की नसाव्यात, हा वाद म्हणूनच मिटत नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे, राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. पण कायदा कागदावर राहतो आणि संध्याकाळी गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोरे पैज लावतात. त्याच रस्त्याने त्या वेळी बिनदिव्याची ऊस-ट्रॉली चाललेली असते, शेतातून बाया परतत असतात, एखादे वासरू दावे तोडून आलेले असते. ना झेंडा, ना पहारा, ना डोक्यावर हेल्मेट.

तरुण पोराला वेगाची ओढ असणारच, ती काही वाईट नाही. पण त्या बेटावरच्या स्वाराला निदान एवढा भरवसा असतो, की वळणापलीकडून समोर ट्रॉली येणार नाही. आपल्या पोराला तो भरवसा कोणीच दिलेला नाही. आज रात्री जेवणाच्या पंगतीला एवढी एकच गोष्ट त्याच्या कानावर घाला.